मजूर कांट वाचणार नाही, हे ठरवले कुणी?

सोव्हिएत रशियातल्या ग्रंथालयांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. आमचे डावे मित्र सांगतात, क्रांतीने खेड्यापाड्यांत पुस्तक पोहोचवले, एका पिढीत देश साक्षर केला. दुसऱ्या बाजूचे लोक सांगतात, तिथे ग्रंथालय म्हणजे पक्षाची चौकी होती. दोघांचेही म्हणणे पुराव्यानिशी सिद्ध करता येते, म्हणून हा वाद वर्षानुवर्षे चालतो आणि कुठेच जात नाही. पण ज्यांच्या पूर्वजांच्या कानावर अक्षर पडणे हाच गुन्हा होता, त्या आम्ही लोकांनी या इतिहासाकडे पाहताना वेगळा प्रश्न विचारायला हवा. कोणते पुस्तक कुणाच्या हातात द्यायचे, हे तिथे कोण ठरवत होते? आणि कशाच्या आधारावर?

आपल्या परंपरेत या गोष्टीला नेमका शब्द आहे. अधिकारभेद. ज्ञान सर्वांसाठी नाही. ज्याचा जेवढा अधिकार त्याला तेवढेच. शंबुकाचे डोके याच तत्त्वावर उडवले गेले. सोव्हिएत ग्रंथालयांनी हा अधिकारभेद एका हाताने मोडला आणि दुसऱ्या हाताने पुन्हा उभा केला, असे आमचे मत आहे.

मोडला कसा, ते आधी पाहू. कारण ते काम खरोखर मोठे होते आणि त्याचे श्रेय नाकारणे हा कद्रूपणा होईल.

१९१३चा जुलै महिना घ्या. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब त्या महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच महिन्यात, ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये परागंदा होऊन राहणाऱ्या लेनिनने न्यूयॉर्कच्याच सार्वजनिक ग्रंथालयावर एक छोटासा लेख लिहिला. दोघांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचे कारण नव्हते, पण योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. लेनिनचा मुद्दा असा की रशियातली ग्रंथालये दुर्मीळ पोथ्यांचा अभिमान मिरवतात आणि त्या सामान्य लोकांपासून सांभाळून ठेवतात. न्यूयॉर्कचे ग्रंथालय मात्र वर्षाकाठी किती पुस्तके किती लोकांच्या घरी गेली, याचा हिशेब मांडते. १९११ साली तिथून जवळपास ८० लाख पुस्तके वाचकांनी घरी नेली होती. लहान मुलांसाठी वेगळ्या खोल्या होत्या. शहरभर शाखा होत्या. भांडवलशाहीचा कट्टर शत्रू भांडवली देशातल्या ग्रंथालयाचे कौतुक करतो आणि आपल्या सरकारच्या तोंडावर ते फेकतो, हे आम्हाला आवडते. (सयाजीराव महाराजांनीही १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोदा संस्थानात गावोगावी मोफत वाचनालये उभी केली होती. म्हणजे हा नमुना आपल्या दाराशीही येऊन गेला होता.)

सत्ता हातात आल्यावर लेनिन हा लेख विसरला नाही. नोव्हेंबर १९१७मध्ये, क्रांतीला महिनाही झाला नव्हता, तेव्हा त्याने पेट्रोग्राडच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी एक टिपण लिहिले. वाचनकक्ष सकाळी ८ ते रात्री ११ उघडा हवा, रविवार असो की सणवार. रशियातल्या आणि फिनलंड-स्वीडनसारख्या परदेशातल्या ग्रंथालयांशी पुस्तकांची देवघेव सुरू करा. पुस्तक एका ग्रंथालयातून दुसऱ्यात पाठवायला टपालखर्च पडता कामा नये. आणि माणसे कुठून आणायची? शिक्षण मंत्रालयातून, असे त्याने लिहिले. कारण तिथले दहापैकी नऊ कर्मचारी नुसते निरुपयोगी नव्हे तर अपायकारक काम करतात. पुरुष युद्धावर आहेत, तेव्हा स्त्रियांना घ्या. ग्रंथालयाच्या वेळा आणि नोकरभरती हा क्रांतीच्या पहिल्या महिन्यातला विषय मानणारा सत्ताधीश जगात दुसरा कुठला असेल, तर आम्हाला ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी, जून १९१८मध्ये, लेनिनच्या मंत्रिमंडळाने आपल्याच शिक्षण खात्याला लेखी फटकारले, की ग्रंथालयांकडे तुमचे लक्ष नाही. 'स्विस-अमेरिकन पद्धत' आणा, असा आदेश दिला. म्हणजे खुली तालिका, घरी पुस्तक देणे, एका ग्रंथालयाने दुसऱ्याला पुस्तक पुरवणे. सरदार-जमीनदारांच्या वाड्यांतले खाजगी संग्रह सरकारजमा झाले. डिसेंबर १९१९मध्ये निरक्षरता निर्मूलनाचा हुकूम निघाला: ८ ते ५० वर्षांच्या प्रत्येक निरक्षराने वाचायला-लिहायला शिकायचे, आपल्या मातृभाषेत किंवा रशियनमध्ये, ज्याची त्याची निवड. नोकरी करणारा शिकत असेल तर त्याचा कामाचा दिवस दोन तासांनी कमी, पगार पूर्ण. या शेवटच्या कलमाकडे आम्ही आमच्या वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. 'शिका' म्हणणे सोपे असते. शिकण्याच्या तासांची मजुरी कोण देणार, हा प्रश्न सोडवणारे सरकार आम्ही फार पाहिलेले नाही.

३ नोव्हेंबर १९२०चा हुकूम या सगळ्याचा कणा होता. कुठल्याही खात्याचे, संघटनेचे ग्रंथालय असो, ते सर्वांना खुले आणि एकाच देशव्यापी जाळ्याचा भाग. या जाळ्याची सूत्रे शिक्षण खात्याच्या राजकीय प्रबोधन विभागाकडे, 'ग्लावपोलितप्रोस्वेत'कडे आली. त्याच्या प्रमुख होत्या नादेझदा क्रुप्स्काया, लेनिनच्या पत्नी. तेवढीच त्यांची ओळख सांगणे अन्यायाचे होईल. क्रांतीपूर्वी पीटर्सबर्गच्या कामगार वस्तीत रविवारच्या आणि रात्रीच्या वर्गांत शिकवलेली ही बाई होती. मजुराला पुस्तक का हवे असते, हे तिला कागदावरून कळलेले नव्हते.

जाळे कागदावर उभे राहिले, पण ते चालवायला माणसे कुठली? जुन्या राजवटीतले प्रशिक्षित ग्रंथपाल मूठभर. त्यातल्या ल्युबोव खावकिना यांनी १९१३मध्येच मॉस्कोच्या शान्यावस्की विद्यापीठात ग्रंथपालांसाठी पहिले अभ्यासवर्ग सुरू केले होते आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत जाऊन तिथली ग्रंथालये पाहिली होती. लेखकाच्या नावाप्रमाणे पुस्तकाला चिन्ह देण्याचे त्यांचे कोष्टक रशियात पुढे कित्येक दशके वापरात राहिले. अशा लोकांना क्रांतीने लगेच हाकलले नाही. त्यांच्याकडून नव्यांना शिकवून घेतले. पुढे १९३०मध्ये मॉस्कोला ग्रंथपालांसाठी स्वतंत्र संस्था निघाली. हा पेशा हळूहळू बहुतांश स्त्रियांचा झाला. आणि तिथेही तोच नियम लागू पडला, की ज्या कामात स्त्रिया येतात त्या कामाचा पगार खाली राहतो.

खेड्यात मात्र ग्रंथपाल नव्हता, 'इज्बाच' होता. इज्बा म्हणजे रशियन शेतकऱ्याचे लाकडी घर. गावातल्या एका घरात वाचनाची खोली करायची, तिचे नाव इज्बा-चितालन्या, आणि ती चालवणारा तो इज्बाच. बहुधा युवक संघटनेतला पोरगा. त्याने संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, कारण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नसे. शेतकऱ्यांचे अर्ज लिहून द्यायचे, नवा कर काय, जमिनीचा कायदा काय, ते समजावून सांगायचे, भित्तीपत्र काढायचे, नाटक बसवायचे. शिवाय गावच्या सोव्हिएतची कारकुनीही अनेकदा त्याच्याच गळ्यात. पगार तुटपुंजा आणि तोही वेळेवर नाही. १९२१नंतर नवे आर्थिक धोरण आले, ग्रंथालयांचा खर्च स्थानिक अंदाजपत्रकांवर ढकलला गेला आणि हे जाळे झपाट्याने आक्रसले. उत्साह संपला म्हणून ते आटले नाही. पैसा आटला म्हणून आटले. ज्यांना वाटते की समाजाच्या तळमळीवर ग्रंथालये चालतात, त्यांनी हे वर्ष अभ्यासावे.

तरीही निकाल बघा. ९ ते ४९ वयोगटातले साक्षर १८९७च्या जनगणनेत २८.४ टक्के होते. १९२६मध्ये ५६.६ आणि १९३९मध्ये ८७.४ टक्के. या आकड्यांमागे शाळा आहेत, तशीच ही वाचनाची लाकडी घरेही आहेत.

आता दुसरा हात.

ज्या राजकीय प्रबोधन विभागाने पुस्तके गावात नेली, त्याच विभागाने १९२०पासून ग्रंथालयांना परिपत्रके पाठवायला सुरुवात केली, की कपाटे साफ करा. आधी झारशाहीचे प्रचारसाहित्य, कालबाह्य पत्रके. इथपर्यंत एक वेळ समजू शकते. पण याद्या वाढत गेल्या. १९२३च्या सुमाराच्या यादीत प्लेटो आला, कांट आला, शोपेनहौअर आला, टॉलस्टॉयचे धर्मविषयक लेखन आले. परदेशात असलेला मॅक्झिम गॉर्की हे ऐकून हादरला. स्थानिक अधिकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे वरच्यापेक्षा दोन पावले पुढे जाऊन आणखी पुस्तके काढली. ओरड झाली, तेव्हा एप्रिल १९२४मध्ये क्रुप्स्काया यांनी 'प्रावदा'त खुलासा केला. परिपत्रकाला जोडलेली ती यादी आपल्या नकळत जोडली गेली, पाहताच आपण ती रद्द केली, असे त्यांनी सांगितले. इथपर्यंत ठीक. पण यादी चुकीची का होती, याचे त्यांनी दिलेले कारण वाचून आम्ही थांबलो. त्यांचे म्हणणे असे: प्लेटो, कांट यांना यादीत घातल्याने काही बिघडले नाही, कारण सामान्य जनता कांट वाचणारच नाही. तेव्हा यादी असली काय, नसली काय, फरक पडत नाही.

जिने उमेदीची वर्षे कामगारांना शिकवण्यात घालवली, तिच्या लेखणीतून हे उतरावे!

कुणी म्हणेल, एका वाक्याचे एवढे काय घेऊन बसलात. तर मग त्या याद्यांची रचनाच पाहा. काढलेली पुस्तके सगळी नष्ट होत नसत. मोठ्या, मध्यवर्ती ग्रंथालयांत एक-दोन प्रती विद्वानांच्या संशोधनासाठी ठेवायला मुभा होती. काढायची ती जनतेच्या ग्रंथालयांतून. म्हणजे पुस्तक विषारी असेल, तर प्राध्यापकाला ते पचते आणि विणकराला पचत नाही. हे अनुमान कशावरून? विणकराची चाचणी कुणी घेतली होती? हा भेद पुस्तकाच्या गुणावरून केलेला नाही, वाचकाच्या पायरीवरून केलेला आहे. वेद शूद्राच्या कानी पडू नये असे म्हणणारेही वेदाला वाईट म्हणत नव्हते. ते शूद्राला अपात्र म्हणत होते. ज्या वर्गाच्या नावाने क्रांती झाली, त्याच वर्गाला अपात्र ठरवणारी ही तरतूद होती, आणि ती शत्रूने नव्हे, हितचिंतकाने केली होती. हितचिंतकाचा अधिकारभेद ओळखायला जास्त वेळ लागतो.

मग या तरतुदीला यंत्रणेचे रूप आले. १९२२मध्ये ग्लावलित हे सेन्सॉरखाते स्थापन झाले होतेच. मोठ्या ग्रंथालयांत 'स्पेत्सख्रान', म्हणजे विशेष कोठार, तयार झाले. तिथले पुस्तक मागायचे तर आपल्या संस्थेचे पत्र हवे, विषय संशोधनाचा हवा. ज्याला संस्था नाही त्याला पत्र नाही, म्हणजे पुस्तक नाही. त्याहून बारीक व्यवस्था तालिकेची होती. सोव्हिएत ग्रंथालयात दोन तालिका असत. एक कर्मचाऱ्यांसाठी, तिच्यात संग्रहातली पुस्तके नोंदलेली. दुसरी वाचकांसाठी, तिच्यात वाचकाला दाखवायची तेवढीच. वाचक खण उघडून कार्डे चाळतो, त्याला हवे ते नाव सापडत नाही, आणि तो समजतो की असे पुस्तक नाही. नकार द्यावाच लागत नाही. आमच्या मते साध्या बंदीपेक्षा हे अधिक घातक. बंदी घातलेल्या पुस्तकाचे निदान नाव तरी लोकांना कळते.

यात ग्रंथपालाचे काय झाले? त्याच्या कामाला 'वाचनाचे मार्गदर्शन' असे नाव मिळाले. वाचकाने काय नेले, काय नेले नाही, याची नोंद ठेवायची आणि शिफारशींच्या सूचीप्रमाणे त्याला योग्य दिशेला वळवायचे. चांगला ग्रंथपाल वाचकाला पुस्तक सुचवतोच. पण सुचवणे वेगळे आणि वळवण्याची जबाबदारी अंगावर असणे वेगळे. अटकेत गेलेल्या लेखकांची पुस्तके कपाटांतून उचलण्याचे कामही याच माणसांच्या हातून होत असे. त्यांच्या वरिष्ठांचीही सुटका नव्हती. मॉस्कोचे रुम्यांत्सेव ग्रंथालय लेनिनच्या नावाचे झाले, त्याचे संचालक व्लादिमीर नेव्स्की हे जुने बोल्शेविक आणि इतिहासकार. त्यांच्या काळात ग्रंथालयाच्या नव्या इमारतीचे काम सुरू झाले. १९३५मध्ये त्यांना अटक झाली, १९३७मध्ये गोळी घातली गेली. आणि स्टालिननंतर बेरिया पडला, तेव्हा सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना पत्र गेले: बेरियावरची पाने कापून काढा आणि त्याजागी सोबतची पाने चिकटवा. सोबतच्या पानांत बेरिंगच्या समुद्राची माहिती होती.

मध्य आशियातली गोष्ट तर वेगळीच. उझबेक भाषा अरबी लिपीत लिहिली जाई. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ती लॅटिन लिपीत आणली गेली आणि १९४०मध्ये रशियन लिपीत. बाराएक वर्षांत दोन लिप्या. नव्याने साक्षर झालेल्यांच्या दृष्टीने पहिली साक्षरता सोपी झाली असेल, पण आजोबांच्या पेटीतले पुस्तक नातवासाठी मुके झाले. हा निर्णय वाचकांना विचारून घेतला होता का? आदिवासी बोलींच्या लिपीचे प्रश्न आपल्याकडे जे चिमटीत सोडवू पाहतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

यावर ठरलेले उत्तर येते: क्रांती वेढ्यात होती, यादवी युद्ध होते, शत्रूचा प्रचार रोखणे भाग होते. यादवी युद्ध मोठ्या प्रमाणावर १९२०च्या अखेरीस संपले. विशेष कोठारे १९८०च्या दशकाच्या अखेरीस उघडली. एवढा लांब वेढा जगात कुठे नसतो. आणि लेनिनचीच एक गोष्ट या उत्तराच्या आड येते. १९०२मध्ये तो लंडनला होता. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनगृहाचे प्रवेशपत्र त्याने याकोब रिख्टर या खोट्या नावाने मिळवले. त्याच वाचनगृहात आधी मार्क्स बसून गेला होता, आणि पुढे विद्यार्थीदशेत बाबासाहेब दिवसदिवस बसले. साम्राज्याच्या राजधानीत साम्राज्याच्या विरोधकांना पुस्तक मिळाले. त्या साम्राज्याचे पाप आम्हाला कुणी शिकवायला नको. पण लेनिनच्या देशात १९५० साली एखादा याकोब रिख्टर आला असता, तर त्याला लागणारी पुस्तके मिळाली असती का?

बाबासाहेबांना हा पेच नीट माहीत होता. १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करायला सांगितले, म्हणजे राज्याच्या ताकदीला ते घाबरत नव्हते. पण त्याच मांडणीत हुकूमशाही टाळायची, हा आर्थिक आराखडा संविधानातच लिहायचा आणि नागरिकाचे मूलभूत हक्क राज्याच्या हाताबाहेर ठेवायचे, असा त्यांचा आग्रह होता. ग्रंथालयाला हेच लावून पाहा. इमारत, पुस्तके, पगार राज्याने द्यावेत. कपाटातून काय उचलायचे याची यादी राज्याच्या हातात नसावी. पैसा आणि यादी या दोन गोष्टी एकाच टेबलावर आल्या की काय होते, ते रशियाने दाखवले आहे.

इथे आमच्याच काही तरुणांचा एक मुद्दा येतो. विहारांतल्या, वस्त्यांतल्या ग्रंथालयांत मनुवादी पुस्तके कशाला? धर्मशास्त्रे काढून टाका, गोळवलकर काढून टाका. आपण मनुस्मृती जाळणाऱ्यांचे वारस ना? होय, आहोत. पण २५ डिसेंबर १९२७ला महाडात काय घडले, ते नीट समजून घ्या. उघड्यावर, हजारोंसमोर, कारणे सांगून एका ग्रंथाच्या सत्तेचे दहन झाले. पुढेही बाबासाहेब तोच ग्रंथ उघडून, श्लोक दाखवून वाद घालत राहिले. राजगृह बांधताना ज्या पुस्तकांसाठी त्यांनी जागा केली, त्यांत विरोधकांचे ग्रंथ भरलेले होते. ते नसते तर 'शूद्र पूर्वी कोण होते?' लिहून झाले नसते. गुपचूप कपाट रिकामे करणे आणि महाडची कृती यांचा काही संबंध नाही.

आणि याद्यांचा खेळ सुरू झाला की त्यात पहिले नाव कुणाचे येते, याचा अनुभव आपल्याला आहे. १९८७मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' होते. राम आणि कृष्णावरचे परिशिष्ट वगळा, अशी मागणी करत लोक रस्त्यावर उतरले, शासन डगमगले. आपले लाखो लोक मुंबईत उतरले म्हणून तो मजकूर टिकला. त्यावर शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप लागली. टीप लागली तर लागू दे. पाने राहिली. उद्या एखाद्या वाचनालयाला शासनमान्य यादीबाहेरचे पुस्तक ठेवायला मनाई झाली, तर टीपही लागणार नाही.

महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान आहे. ग्रंथालय कर मात्र या कायद्यात नाही. अनुदानातून ज्याला मानधन मिळते तो गावचा ग्रंथपाल वेतनश्रेणीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढतो आहे. त्याच शासनाचा उत्कृष्ट ग्रंथालयासाठीचा पुरस्कार बाबासाहेबांच्या नावाने आहे. इज्बाचची हलाखी आणि ड वर्गातल्या वाचनालयाच्या सेवकाची हलाखी यांत फार अंतर नाही. तिथे निदान गावभर वर्तमानपत्र वाचून दाखवणे हे पगारी काम मानले गेले होते. आमच्या वस्त्यांत ग्रंथालय म्हणून जे उरले आहे, ते बहुतेक ठिकाणी स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका झाले आहे. पोरे स्वतःची पुस्तके घेऊन येतात आणि पंखा, दिवा, खुर्ची वापरतात. कपाटाला कुलूप असते, किल्ली समितीच्या अध्यक्षाच्या घरी.

आमची मागणी साधी आहे. किल्ली सेवकाकडे द्या आणि सेवकाला पगार द्या. संग्रहातल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली एकच वही टेबलावर ठेवा, कुणीही उघडून बघावी अशी. कुठलेही पुस्तक बाद करायचे असेल तर त्याचे नाव आणि कारण महिनाभर फळ्यावर लावा, आणि वस्तीतल्या कुणाही वाचकाला, तो अंगठाबहाद्दर आजोबा असो की दहावीतली मुलगी, हरकत घेता आली पाहिजे. कांट ठेवायचा का? ठेवा. कुणी नेला नाही तर पडून राहील. जागा तेवढीच अडेल.